मागची फळी

सामना खेळून घरी परतलो की आई दारातच विचारायची, "किती गोल केलेस?" हा प्रश्न आम्हां चौघांच्याही घरी विचारला जाई आणि चौघांपाशीही त्याला उत्तर नसे. आम्ही बॅक होतो. आमच्या कामाचा हिशेब न झालेल्या गोलांत मांडावा लागतो, आणि जे घडलेच नाही ते आईला दारात उभे राहून सांगायचे कसे? मग आम्ही मुकाट्याने चिखलाचे बूट नळाखाली धरत असू.

आम्ही म्हणजे दादरच्या पोर्तुगीज चर्चच्या आवारात वाढलेले चार मित्र. १५९६ साली स्थापन झालेल्या या धर्मग्रामाची जुनी वास्तू जाऊन चार्ल्स कोरिया यांनी रचलेली नवी वास्तू १९७७ मध्ये उभी राहिली, तेव्हा आम्ही बारातेरा वर्षांचे होतो. पुढे तीनचार वर्षांतच पॅरिशच्या फुटबॉल संघात मागच्या फळीत शेजारी शेजारी उभे राहिलो, आणि आज साठी उलटल्यावरही रविवारच्या मिस्सेनंतर जवळपास त्याच क्रमाने उभे असतो. त्यामुळे या लेखासाठी लेखणी एकाच्या हाती असली, तरी लेख 'आम्ही' म्हणूनच लिहिला आहे. आमच्यापैकी जो मध्यभागी खेळायचा, त्याची गोष्ट यात मुख्यतः आहे. नाव छापू नका, असा त्याचा आग्रह. त्या काळी त्याला सारे 'स्टॉपर' म्हणत, तेच नाव येथे पुरेसे आहे.

स्टॉपर लालबागच्या चाळीत राहायचा. वडील गिरणीत, आई घरी शिवणकाम करणारी. रोज संध्याकाळी तो परळमार्गे चालत दादरला यायचा. बसचे पैसे वाचवून त्याने पहिले बूट घेतले होते. आमच्यातल्या एकाचे आजोळ गिरगावात, खोताच्या वाडीत होते. कुपरेजवर सामना पाहायला गेलो की परतताना धोबीतलावावरून गोवेकरांच्या कुडांच्या खालून चालत आम्ही त्या आजोळी थडकायचो. आजी चहा आणि पाव समोर ठेवायची आणि आमचे वाद मध्यरात्रीपर्यंत चालायचे.

वाद व्हायचे ते बहुधा रोव्हर्स चषकाच्या सामन्यांवरून. १८९१ साली गोऱ्या पलटणींसाठी सुरू झालेली ही स्पर्धा १९३७ मध्ये बंगलोर मुस्लिम्स या संघाने जिंकली आणि पलटणींची सद्दी मोडली. आमच्या तरुणपणी ती मुंबईच्या फुटबॉलचा मोठा सणच होती. कलकत्त्याचे बलाढ्य संघ यायचे, गोव्याचे यायचे. गोव्याचा संघ मैदानात उतरला की धोबीतलावचे कूड ओस पडत आणि कुपरेजच्या स्वस्त तिकिटांच्या पायऱ्यांवर कोंकणी आरोळ्या घुमत. लोक आघाडीच्या खेळाडूंना पाहायला यायचे. आम्ही चौघे मात्र गोलरक्षकाच्या जवळची जागा धरायचो. बॅक कसा उभा राहतो, कधी सरकतो, कधी नुसताच थांबतो, हे आम्हांला पाहायचे असे.

१९८० च्या दशकात साळगावकर संघाच्या मागच्या फळीत डेरिक परेरा खेळायचा. स्टॉपरने त्याला पाहिले आणि आमच्या वादांना एक कायमचा विषय मिळाला. डेरिक आमच्याहून दोनतीन वर्षांनीच मोठा, १९६२ चा जन्म. भारतीय संघाकडूनही तो खेळला. याच दशकाच्या अखेरीस, १९८८ आणि १९८९ अशी लागोपाठ दोन वर्षे साळगावकरने फेडरेशन चषक जिंकला. आडदांड बॅक मुंबईत पुष्कळ होते. माणूस आडवा करायचा, चेंडू आकाशात भिरकावायचा आणि छाती पुढे काढून उभे राहायचे, ही त्यांची रीत. प्रेक्षकांनाही ती आवडे. स्टॉपर मात्र म्हणायचा, "ज्याला शेवटच्या क्षणी पडून पाय घालावा लागतो, त्याला खेळ उशिरा कळला. चेंडू कुठे जाणार हे आधी ओळखून तिथे जाऊन उभा राहतो, तो बॅक." इटलीच्या फ्रँको बारेसीबद्दल जगभर हेच बोलले जाई, आणि डेरिकला भारताचा बारेसी म्हणणारेही पुढे भेटले.

आता पाहा, आपल्या समाजाला नेव्हिल डिसोझा हे नाव ठाऊक आहे. असायलाच हवे. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये त्यांनी ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले, भारताने तो सामना ४-२ असा जिंकला आणि स्पर्धेत चौथे स्थान मिळवले. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारे ते पहिले आशियाई खेळाडू. मुंबईत ते टाटा स्पोर्ट्स क्लबकडून खेळले आणि वांद्र्याचे एक मैदान आज त्यांच्या नावाने ओळखले जाते. पण त्या ऑलिंपिक संघाची मागची बाजू सांभाळणारे अझीझुद्दीन आणि रहमान किती जणांना आठवतात? थोर बॅक जर्नेलसिंग यांचेही तेच. १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत डोक्याला टाके पडल्यामुळे त्यांना आघाडीला खेळवण्यात आले आणि अंतिम सामन्यात त्यांनी गोल केला. आयुष्यभर त्यांनी गोल अडवले. लोक गोष्ट सांगतात ती त्या गोलाची. आमच्या आयांचा प्रश्न काही जगावेगळा नव्हता.

१९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यांत स्टॉपरचे वडील होते. संपाचे पुढे काय झाले ते परळ-लालबागच्या कोणत्याही घराला सांगायला नको. त्या दिवसांत मुंबईत खेळाडूला नोकरी मिळण्याची एक वाट होती. बँका, रेल्वे, तेल कंपन्या, कारखाने यांचे फुटबॉल संघ असत. चांगल्या खेळाडूला कारकुनाची जागा मिळे, दुपारपर्यंत कचेरी आणि नंतर सराव. १९८४ मध्ये एका कंपनीने स्टॉपरची निवड केली. पहिला पगार त्याने पाकिटासकट आईच्या हातात ठेवला. त्या रात्री चाळीच्या गॅलरीत आम्हां तिघांनाही पेढे मिळाले. आमच्यापैकी कोणीही त्याच्याइतके चांगले खेळत नव्हते, हे आम्हांला ठाऊक होते आणि त्याचे वाईट वाटत नव्हते. मागच्या फळीतला एक जण पुढे गेला म्हणजे फळीच पुढे गेली, अशी आमची भावना होती.

तो पाच मोसम खेळला. साखळी सामन्यांत, रोव्हर्सच्या पात्रता फेऱ्यांत, पावसाने तळे झालेल्या मैदानांवर. वर्तमानपत्रात त्याचे नाव दोनदा छापून आले. दोन्ही वेळा त्याच्या चुकीने पेनल्टी गेली म्हणून. १९८९ मध्ये एका सरावात त्याचा उजवा गुडघा वळला. त्या काळी गुडघ्याच्या आतल्या दोरीची शस्त्रक्रिया आजच्यासारखी सर्रास होत नसे. शेक, पट्टी आणि विश्रांती एवढाच उपाय. तीन महिन्यांनी तो मैदानावर गेला, तेव्हा फलकावर नव्या मोसमाची यादी लागली होती. तीत त्याचे नाव नव्हते. त्याला कोणी काही सांगितले नव्हते. प्रशिक्षकाने नाही, व्यवस्थापकाने नाही. इतरांबरोबर उभे राहून त्याने ती यादी वाचली आणि तसाच मागे फिरून कचेरीत जाऊन बसला.

नोकरी राहिली, खेळ गेला. त्यानंतर पंधरासोळा वर्षे स्टॉपर कोणत्याही मैदानाच्या कडेला उभा राहिला नाही. पॅरिशच्या मुलांचा सामना असला की त्याला नेमके काहीतरी काम निघे. आम्ही आग्रह केला, रागावलो, शेवटी विषय काढणेच सोडून दिले.

या काळात खेळही बदलत होता, आणि बदलाचा भार बहुतेक बॅकच्याच खांद्यावर पडत होता. १९९० मध्ये ऑफसाइडचा नियम सैल झाला. शेवटून दुसऱ्या खेळाडूच्या रेषेत उभा असलेला आघाडीपटूही आता वैध ठरू लागला. १९९२ पासून आपल्याच खेळाडूने पायाने मागे दिलेला चेंडू गोलरक्षकाला हाताने उचलता येईना. अडचणीत सापडलेल्या बॅकची हक्काची पळवाट बंद झाली आणि त्याला पायांनी खेळता येणे भाग पडले. १९९८ मध्ये पाठीमागून केलेल्या धोकादायक टॅकलला थेट लाल पत्र मिळू लागले. आडदांडपणाचे दिवस संपले. स्टॉपर तरुणपणी जे म्हणत असे, तेच जणू नियमपुस्तकात येत होते. आणि ते ऐकायला तो मैदानावर नव्हता.

एकदाच तो आमच्याबरोबर बसला. १७ जुलै १९९४ च्या रात्री ब्राझील आणि इटली यांच्यातला विश्वचषकाचा अंतिम सामना अमेरिकेतील पॅसाडिना येथे होता. आपल्याकडे घड्याळात रात्रीचा एक वाजला होता. गुडघ्याच्या दुखापतीनंतर शस्त्रक्रिया करून अवघ्या चोवीस दिवसांत बारेसी मैदानात परतला होता. रोमारिओ आणि बेबेतो यांना इटलीने एकशेवीस मिनिटे गोल करू दिला नाही. स्टॉपर खुर्चीच्या कडेला सरकून बसला होता. बारेसी सरकला की तोही सरकत होता. नंतर पेनल्टी सुरू झाल्या. इटलीची पहिली बारेसीने मारली ती गोलावरून गेली. स्टॉपर उठला, चपला घातल्या आणि निघून गेला. सामना ब्राझीलने ३-२ असा जिंकला, हे त्याला दुसऱ्या दिवशी आम्ही सांगितले.

२००५ साली डेरिक परेरा मुंबईत आला. खेळणे थांबवल्यानंतर त्याने प्रशिक्षणाची वाट धरली होती. गोव्यात वास्को संघ सांभाळला होता. आता १९६२ साली सुरू झालेल्या महिंद्र कंपनीच्या संघाची, म्हणजे महिंद्र युनायटेडची सूत्रे त्याच्याकडे आली. त्याच वर्षी संघाने फेडरेशन चषक जिंकला. २००६ मध्ये राष्ट्रीय साखळी स्पर्धेचे विजेतेपद मिळवले. १९९६ मध्ये ही स्पर्धा सुरू झाल्यापासून ती पंजाब, बंगाल आणि गोवा यांच्या संघांनीच वाटून घेतली होती; मुंबईला ती प्रथमच मिळत होती.

त्या मोसमातल्या एका सामन्याला आम्ही स्टॉपरला अक्षरशः ओढून कुपरेजवर नेले. पायऱ्यांवरच्या लोकांच्या तोंडी ब्राझीलच्या बारेतोचे, घानाच्या युसिफ याकुबूचे आणि आपल्या मुंबईच्या स्टीव्हन डायसचे नाव होते. स्टॉपर बराच वेळ गप्प होता. तो चेंडूकडे पाहतच नव्हता, महिंद्रची मागची फळी पाहत होता. मध्यंतरानंतर केव्हातरी म्हणाला, "चौघांतले अंतर बघ. मोजून ठेवल्यासारखे आहे. एक जण पुढे गेला की तिघे त्याच्या मागे दुमडतात." परतताना धोबीतलावाच्या वळणावर तो थांबला. खोताच्या वाडीतली आजी केव्हाच निवर्तली होती, पण पाय सवयीने तिकडेच वळले होते. तो म्हणाला, "तोही आता खेळत नाही. पाय लावायची मुभा नाही त्याला. तरी अडवतोच आहे की!"

पुढच्याच महिन्यात त्याने पॅरिशच्या फादरांना विचारले, "मुलांना शिकवायला येऊ का?"

चांगला खेळाडू हा चांगला शिक्षक असतोच असे नाही, हे आम्हांला त्या पावसाळ्यात समजले. स्टॉपर पहिल्या सामन्यापासून रेषेबाहेरून ओरडत होता. "डावीकडे! मागे ये! सोड त्याला! मार बाहेर!" नव्वद मिनिटे तो अकरा मुलांच्या जागी स्वतः खेळत होता. मुले हळूहळू चेंडूकडे पाहीनाशी झाली; ती त्याच्या तोंडाकडे पाहू लागली. बॅकची खरी दौलत म्हणजे आधी पाहणे, आणि याने त्यांचे डोळेच काढून स्वतःकडे घेतले होते. आम्ही तिघांनी त्याला तसे सांगितले. त्याला राग आला. त्याचे खरे दुःख आम्हांला तेव्हा कळले नाही. पंधरा वर्षे त्याच्या पायांत साठून राहिलेला खेळ त्याला त्या मुलांच्या पायांनी खेळायचा होता.

त्या मोसमाच्या शेवटी उपनगरातील एका पॅरिशच्या मैदानावर अंतिम सामना होता. आमच्या मागच्या फळीत लालबागचा एक चौदा वर्षांचा मुलगा खेळत होता. तो ख्रिस्ती नव्हता. शाळेतल्या मित्रांबरोबर येऊ लागला आणि राहिला. घरी एक आजी, एवढेच त्याचे माणूस. सामना बरोबरीत असताना कॉर्नर आला. ओल्या मैदानावर चेंडू उसळला, त्या मुलाच्या नडगीला लागला आणि आमच्याच जाळ्यात गेला. स्टॉपरने चेंडू पुन्हा मध्यावर ठेवला जाण्याआधीच हात वर करून त्याला बाहेर बोलावले आणि दुसऱ्याला आत पाठवले. मुलाकडे पाहिलेसुद्धा नाही. मुलाने रेषेबाहेर बसून बुटांच्या नाड्या सोडल्या. बूट पॅरिशचे होते. ते त्याने पायरीवर नीट जोडीने ठेवले आणि अनवाणी निघून गेला.

तो पुढच्या रविवारी आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. स्टॉपर म्हणायचा, "येईल. दोन दिवस रुसेल." तिसऱ्या रविवारी मिस्सेनंतर आम्ही आवारात उभे असताना आमच्यातला एक जण सहज बोलून गेला, "त्याला निदान फलकावर यादी तरी लावायची होतीस."

बोलणाऱ्याच्या मनात काही नव्हते. पण स्टॉपरचा चेहरा उतरला. तो बराच वेळ चर्चच्या उतरत्या छपराकडे पाहत राहिला आणि मग म्हणाला, "चला माझ्याबरोबर."

लालबागच्या त्या चाळीचा जिना स्टॉपरला पाठ होता. त्याचे स्वतःचे बालपण तेथून चार इमारतींवर गेले होते. आजी गॅलरीत गहू निवडत बसली होती. आम्हां चौघा प्रौढांना एकदम आलेले पाहून ती घाबरली. मग ओळख पटल्यावर म्हणाली, "पोरगं काही सांगत नाही हो. पण रात्री झोपेत पाय झाडतंय."

मुलगा आतून आला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. स्टॉपर जमिनीवर बसला, गुडघा दुखत असताना मांडी घालून. म्हणाला, "चूक तुझी नव्हती, असे मी म्हणणार नाही. चेंडू तुझ्याच नडगीला लागला. तसे होते, मागे खेळणाऱ्याला तसे होतेच. पण तुला न बोलता बाहेर काढले, ती चूक माझी. माझ्याशी कोणीतरी असेच वागले होते, आणि मी तेच केले. त्याची माफी मागायला आलो आहे."

आजीला हे सारे कळले की नाही कोण जाणे. ती चहा टाकायला उठली. मुलगा गप्पच. मग स्टॉपरने त्याला बारेसीची ती रात्र सांगितली. चोवीस दिवसांपूर्वी दुखावलेला गुडघा, एकशेवीस मिनिटे, रोमारिओ आणि बेबेतो, आणि शेवटी गोलावरून गेलेली ती पेनल्टी. मुलाने पहिल्यांदाच तोंड उघडले, "मग परत खेळले का ते?"

"तीन वर्षे," स्टॉपर म्हणाला. "त्याच क्लबकडून. १९९७ पर्यंत. आणि निवृत्त झाले तेव्हा क्लबने त्यांचा सहा नंबर त्यांच्याबरोबरच निवृत्त केला."

पुढच्या रविवारी मुलगा आला. बूट आम्ही कपाटात ठेवले होते. ते त्याने मागितले नाहीत; स्टॉपरने काढून त्याच्यासमोर ठेवले.

त्यानंतर स्टॉपर सामन्यात बोलेनासा झाला. बोलायचे ते सरावात. त्याने वाणसामानाच्या दुकानातून नायलॉनची दोरी आणली आणि मागच्या फळीतल्या चौघांच्या कमरेला ती एकमेकांपासून सात-आठ पावलांवर बांधली. तो चेंडू घेऊन डावीकडे गेला की चौघांनी डावीकडे सरकायचे, उजवीकडे गेला की उजवीकडे. दोरी ताणली तर भगदाड पडले, सैल होऊन पायात आली तर गर्दी झाली. आवारातून जाणाऱ्या मावश्या थांबून पाहत आणि हसत. पंधरवड्याने दोरी सोडली, तरी मुले तशीच सरकत राहिली. त्याचे इतर धडेही साधे होते. समोरचा चेंडू घेऊन आला तर झेप घेऊ नका, पाय रोवून उभेही राहू नका; अंगाने थोडे तिरके व्हा, मागे सरकत त्याला थांबवा, रेषेकडे न्या. रेषा हा तुमचा बारावा खेळाडू. आणि शेवटच्या माणसाला सगळे मैदान दिसते, म्हणून बोलायचे ते शेवटच्या माणसाने. गप्प बॅक म्हणजे झोपलेला राखणदार.

यात स्टॉपरची संघटना, पगार, पदवी काहीच नव्हते. रविवारी सकाळी मिस्सेनंतर दोन तास आणि बुधवारी कचेरी सुटल्यावर एक तास. कधी परळच्या सेंट झेवियर्स मैदानावर सामना असला की आम्ही तिघे मुलांच्या पिशव्या आणि पाण्याचे कॅन उचलायला जात असू. मागची फळी पुन्हा जमली होती.

२०१० साली महिंद्रने आपला संघ बंद केला. राष्ट्रीय विजेतेपदाला चारच वर्षे झाली होती. मधल्या काळात हा संघ एएफसी चषकाच्या उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेला होता आणि २००८ मध्ये त्याने ड्युरँड चषकही जिंकला होता. रोव्हर्स स्पर्धा तर २००१ नंतर भरलीच नव्हती. आमच्या तरुणपणी ज्या कचेऱ्यांच्या संघांत जागा मिळावी म्हणून मुले धावत, त्यांतले कित्येक संघ असेच एका परिपत्रकाने संपले. स्टॉपर बातमी वाचून अस्वस्थ होईल, अशी आम्हांला भीती होती. त्याने वर्तमानपत्र घडी करून ठेवले आणि विचारले, "डेरिक कुठे गेला?"

डेरिक २००९ मध्येच पुणे एफसीकडे गेला होता. २०१२-१३ च्या मोसमात त्याच्या हाताखाली तो संघ आय-लीगमध्ये दुसरा आला. नंतर तो आपल्या जुन्या साळगावकरकडे प्रशिक्षक म्हणून परतला. पुढे पुणे एफसीही राहिला नाही आणि २०१६ मध्ये साळगावकरनेही आय-लीगमधून माघार घेतली. एखाद्याने म्हटले असते, या माणसाने बांधलेले सारे वाळूवरच होते. पण तो पुढच्या मैदानावर जात राहिला: डीएसके शिवाजियन्स, चर्चिल ब्रदर्स, मग एफसी गोवा. २०१९ मध्ये तेवीस वर्षांखालील भारतीय संघ आशियाई पात्रता फेरीसाठी त्याच्याकडे दिला होता. २०२१ च्या डिसेंबरात एफसी गोवाचे स्पॅनिश प्रशिक्षक भर मोसमात दुसऱ्या संघाकडे गेले, तेव्हा क्लबने जबाबदारी टाकली ती डेरिकवर. एक जण जागा सोडून गेला, म्हणून मागून येऊन दुसऱ्याने ती जागा घेतली. साठीला टेकलेला तो माणूस अजून बॅकच होता.

आमचा समज असा झाला आहे की खेळाडूचा प्रशिक्षक होणे म्हणजे नोकरी बदलणे नव्हे. बॅकला मात्र ही वाट इतरांपेक्षा सोपी असावी आणि अवघडही. सोपी यासाठी, की सारा खेळ समोर ठेवून पाहण्याची त्याला जन्माची सवय असते. अवघड यासाठी, की संकट दिसले की धावून जायची त्याची प्रकृती असते, आणि आता धावता येत नाही. मुलाच्या पायाजवळ चेंडू आहे, पुढे काय होणार हे त्याला तीन क्षण आधी दिसते, आणि त्याने गप्प राहायचे असते. मुलाला चुकू द्यायचे आणि चुकल्यावर त्याच्याशी बोलायचे, एवढेच हातात उरते. आम्ही आईबाप झालो तेव्हा आम्हांलाही हे जमले नाही; अजूनही पुरते जमत नाही.

आज परळ-लालबागच्या गिरण्यांच्या जागी मनोरे उभे आहेत. मोकळे मैदान मिळवणे हे फुटबॉल शिकवण्याहून कठीण झाले आहे. कुपरेजला कृत्रिम गवत आले. मुंबईच्या व्यावसायिक संघाने २०२०-२१ मध्ये इंडियन सुपर लीग जिंकली. महिंद्र युनायटेडमध्ये खेळलेल्या खालिद जमील यांची २०२५ च्या ऑगस्टमध्ये भारतीय संघाच्या प्रशिक्षकपदी नेमणूक झाली, तेव्हा स्टॉपरने आम्हां सगळ्यांना चहा पाजला, जणू घरातलेच कोणी उत्तीर्ण झाले होते.

त्याचा गुडघा आता पायऱ्या चढताना कुरकुरतो. तो खुर्ची टाकून रेषेच्या बाहेर बसतो. दोरीचे एक टोक कमरेला बांधून मुलांबरोबर सरकायला लालबागचा तोच मुलगा येतो. आता तिशी ओलांडलेला, एका कुरिअर कंपनीत कामाला असलेला, रविवारी सुटी मिळाली तर. त्याची आजी गेली, त्या दिवशी आम्ही चौघेही चाळीत होतो.

गेल्या महिन्यात पॅरिशच्या बारा वर्षांखालील मुलांचा सामना झाला. फाटकाशी आईवडील थांबले होते. आमच्या फळीतला सर्वांत लहान पोरगा गुडघ्यापर्यंत चिखलाने माखून बाहेर आला. त्याच्या आईने पिशवीतून टॉवेल काढला आणि विचारले, "किती गोल केलेस रे?"

"एकही झाला नाही," तो अभिमानाने म्हणाला.

आईचा चेहरा पडला. "पुढच्या वेळी होईल हं," ती त्याची समजूत घालू लागली. पोरगा गोंधळून तिच्याकडे पाहत राहिला आणि मग त्याने मागे वळून स्टॉपरकडे पाहिले. स्टॉपर खुर्चीतून उठला, लंगडत फाटकापर्यंत गेला आणि त्या माउलीला समजावून सांगू लागला. आम्ही तिघे पाण्याचे कॅन घेऊन थांबलो. बराच वेळ लागणार होता.